पडदा केवढा असावा?

वस्तू विकत घेण्यास पैसा लागतो. परंतु वस्तूची निवड करण्यास विचार लागतो. पैसा बेताचा असेल, तर विचार अधिकच करावा लागतो. दूरचित्रवाणी संचाची खरेदी हे याचे उत्तम उदाहरण होय.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली पडद्यावर रंग आले. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ ही मालिका लागे, तेव्हा ज्याच्या घरी संच असे त्याच्या घरी शेजारपाजारची मंडळी दाटीवाटीने बसत. त्या काळी प्रश्न एवढाच होता, की घरात संच आहे की नाही. आज प्रश्न बदलला आहे. संच बहुतेक घरी आहे. आता तो केवढा असावा, हा वाद आहे.

नागपुरातील एखादे मध्यमवर्गीय कुटुंब डोळ्यांसमोर आणा. घरात आई, वडील, महाविद्यालयात जाणारा मुलगा, आठवीतील मुलगी आणि वृद्ध आजी. जुना संच बिघडला. नव्या संचासाठी वडिलांनी ३०,००० रुपये बाजूला काढले. मुलाचा आग्रह ५५ इंची संचाचा. परंतु त्याची किंमत या रकमेत बसेना. उरलेले पैसे हप्त्याने द्यावेत, असे मुलगा म्हणे. आजीचे म्हणणे एवढेच, की बातम्यांच्या वेळी पडद्याच्या तळाशी सरकणारी अक्षरे तिला वाचता यावीत. आजीची गरज खरी आणि वडिलांची अडचणही खरी. अशा वेळी काय करावे?

प्रथम ‘५५ इंच’ म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. हे माप पडद्याच्या रुंदीचे नव्हे, तर कर्णाचे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. आजच्या पडद्याची रुंदी व उंची यांचे प्रमाण १६ : ९ असते. त्यामुळे ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद भरतो, तर ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी भिंतीवर खडूने तेवढा चौकोन आखून पाहावा. दुकानाच्या विस्तीर्ण दालनात लहान भासणारा पडदा घरातील खोलीत किती जागा व्यापतो, हे तेव्हाच कळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडदा किती मोठा दिसेल, हे केवळ त्याच्या मापावर अवलंबून नसते. ते पाहणाऱ्याच्या अंतरावरही अवलंबून असते. रुपयाचे नाणे डोळ्याजवळ धरले, तर आकाशातील चंद्रही त्याच्या आड दडतो. हाच न्याय पडद्यालाही लागू आहे. त्या कुटुंबात दिवाण भिंतीपासून ९ फुटांवर होता. आठवीतील मुलीने साधे त्रैराशिक मांडले. ५५ इंची पडदा ९ फुटांवरून जेवढा दिसेल, तेवढाच ४३ इंची पडदा ७ फुटांवरून दिसेल! जे काम अनेक हजार रुपये खर्चून व्हायचे, ते दिवाण दोन फूट पुढे सरकवूनही होण्याजोगे होते. अर्थात फार जवळ बसणेही सुखावह नसते. पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतर सामान्यतः सोयीचे मानता येईल. ४३ इंची पडद्यासाठी ७ फूट हे अंतर त्या मर्यादेत बसते.

तिसरी गोष्ट चित्राच्या स्पष्टतेची. पडद्यावरील चित्र असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख. परंतु निकोप दृष्टीच्या माणसालाही ४३ इंची फुल एचडी पडद्यावरील ठिपके सुमारे साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. शिवाय प्रक्षेपणच साध्या प्रतीचे असेल, तर त्यात नसलेला तपशील पडदा कोठून आणणार? तेव्हा किमतीत फारसा फरक नसेल, तर फोर-के संच अवश्य घ्यावा. परंतु केवळ त्या एका गुणासाठी ऐपतीबाहेर जाऊ नये.

दुकानातील झगमगाटाने भुलून जाऊ नये, हेही ध्यानात ठेवावे. सीताबर्डीवरील एखाद्या दुकानात ओळीने मांडलेले संच पाहिले, तर सर्वांत प्रखर तोच सर्वांत उत्तम वाटतो. वस्तुतः गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यासाठी संचांची प्रखरता बहुधा वाढवून ठेवलेली असते. ती घरातल्याइतकी करावयास सांगावे. मग समोरून आणि बाजूनेही चित्र पाहावे, कारण घरातील सर्वच माणसे पडद्याच्या ऐन समोर बसत नाहीत. माणसांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते की नाही, हेही पाहावे. सडपातळ संचांचा आवाज पुष्कळदा क्षीण असतो.

स्थळाचाही विचार हवा. नागपूरचा उन्हाळा कडक. पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. कूलरच्या ओलसर वाऱ्याच्या झोतात संच ठेवू नये. खिडकीसमोर ठेवल्यास दुपारचा प्रकाश पडद्यावर परावर्तित होतो, म्हणून तेही टाळावे. पावसाळ्यापूर्वीच्या वादळात विजा कडाडू लागल्या, की संचाची वीज व तारा काढून ठेवाव्यात.

आता पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ किमतीच्या दर १०० रुपयांमागे १० रुपये वाचले. परंतु जे वाचले, ते हप्त्यांत घालवू नये. ‘बिनव्याजी हप्ता’ हा शब्द गोड आहे. मात्र शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज नसले, तरी ते शुल्काच्या रूपाने येते किंवा रोख खरेदीवर मिळणारी सूट नाहीशी होते. विजेचेही तसेच. १०० वॅटचा संच रोज ५ तास चालला, तर महिन्याला १५ युनिट वीज जाते. म्हणून संचावरील तारांकित पट्टी वाचावी. जितके तारे अधिक, तितकी विजेची बचत अधिक. पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे. दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

त्या कुटुंबाने काय केले? सर्व मंडळी आजीसह दुकानात गेली. मुलीने ४३ इंची संचापासून ७ फूट अंतर मोजले आणि तेथे आजीला खुर्ची दिली. आजीने पडद्याच्या तळाशी सरकणारी बातमी सावकाश, पण न अडखळता वाचून दाखविली. मुलाचा आग्रह तेथेच मावळला. संच ३०,००० रुपयांच्या आत आला, हप्ता घ्यावा लागला नाही, आणि घरी आल्यावर मुलानेच दिवाण दोन फूट पुढे ओढला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण पुष्कळांना मन मारण्याचा उपदेश वाटते. परंतु गरज नेमकी ओळखून मोजमाप केले, म्हणजे असे दिसून येते, की पुष्कळदा अंथरूण पुरेसे असते. ते केवळ नीट घालावयाचे राहिलेले असते.