आधी वेडा राघू, मग रंगपेटी

पुण्यातल्या पाषाण तलावावर मुलांना पक्षी रेखाटायला नेताना रंगपेटी मी घरीच ठेवायला लावते. वही आणि पेन्सिल पुरे. सुरुवात वेड्या राघूपासून. उडता किडा टिपून तो बहुधा त्याच तारेवर परत येतो, म्हणजे मॉडेल पुन्हा जागेवर! आधी शरीराचा लंबगोल, मग डोकं, पाठीचा तिरकेपणा. पिसं मोजत बसायचं नाही. बाकदार चोच, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, शेपटीतून बाहेर डोकावणारी सुईसारखी पिसं एवढं उतरलं की ओळख पटते. १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ पिशवीत असतं, पण रेखाटन झाल्यावरच उघडायचं, नाहीतर पोरं समोरचा पक्षी सोडून छापील पक्षी गिरवतात.