न सापडलेले पाच मासे

विल्यम बीबी या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने 1930 ते 1934 या काळात बर्म्युडाजवळच्या समुद्रात पोलादी गोळ्यात बसून बुड्या मारल्या आणि खिडकीतून जे दिसले ते लिहून ठेवले. त्या लिखाणात पाच मासे असे आहेत, जे त्यानंतर ना कोणाच्या जाळ्यात आले, ना कोणाच्या कॅमेऱ्यात. त्यांपैकी एका जातीचे दोन मासे तर प्रत्येकी सहा फुटांचे, अंगावर फिकट निळ्या दिव्यांची रांग असलेले. दुसऱ्या एका वाटोळ्या माशाच्या कुशीवर प्रकाशाच्या पाच रेषा होत्या. मत्स्यशास्त्राने हे मासे स्वीकारलेले नाहीत, आणि त्यात अन्याय काही नाही. अन्याय झाला तो पुढे. या पाच माशांपायी बीबी यांच्या समुद्रविषयक लिखाणावर 'रंजक आहे, पण विज्ञान नव्हे' असा शिक्का बसला. खोल पाण्यात कॅमेरा जवळजवळ आंधळा होता आणि जाळे अपुरे पडत होते, अशा काळात शिकलेल्या डोळ्यांनी पाहून त्याच क्षणी शब्दांत केलेली नोंद हे हाताशी असलेले सर्वांत चांगले उपकरण होते, असे माझे मत आहे. त्या उपकरणाने काय अचूक टिपले आणि काय चुकवले, हे आज तपासून पाहता येते.

बीबी (1877–1962) मूळचे पक्ष्यांचे अभ्यासक. रानकोंबड्यांच्या कुळातल्या फेझंट पक्ष्यांच्या शोधात 1910 साली ते हिमालयापासून जावा-बोर्निओपर्यंत हिंडले आणि त्यातून चार खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. ही तपशिलाची सवय घेऊन ते समुद्राकडे वळले. 1927 मध्ये हैतीच्या प्रवाळांत तांब्याचे शिरस्त्राण घालून त्यांनी केलेली निरीक्षणे पुस्तकरूपाने आली. पण शिरस्त्राणाने फार खोल जाता येत नाही. तो अडसर ऑटिस बार्टन या तरुण अभियंत्याने स्वतःच्या पैशांनी घडवून घेतलेल्या गोळ्याने दूर केला. बॅथिस्फिअर नावाचा हा गोळा आतून जेमतेम साडेचार फूट व्यासाचा होता, भिंत दीड इंच जाड, खिडक्या तीन इंच जाडीच्या क्वार्ट्झच्या. ऑक्सिजन सिलिंडरमधून, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प शोषायला रसायनांचे ट्रे, आणि हवा हलवायला ताडपत्राचा पंखा. गोळा एका पोलादी दोरावर लोंबकळत असे. 1932 मध्ये चाचणीसाठी रिकामाच खाली सोडलेला गोळा गळतीमुळे पाण्याने भरून वर आला. झडपेचा बोल्ट सैल करताच आतल्या दाबाने तो तोफगोळ्यासारखा डेकवरून सुटला. आत माणसे असती तर काय झाले असते, याचा अंदाज सर्वांनाच आला. तरीही काही दिवसांत बीबी आणि बार्टन पुन्हा त्यात शिरले. 15 ऑगस्ट 1934 रोजी ते 3,028 फुटांवर, म्हणजे 923 मीटर खोलीवर पोहोचले. तिथे पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या नव्वद पटींहून अधिक असतो.

या बुड्यांचे खरे वैशिष्ट्य मला खोलीच्या विक्रमापेक्षा टेलिफोनच्या तारेत दिसते. गोळ्यातून वरच्या बार्जपर्यंत एक तार जात असे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ग्लोरिया हॉलिस्टर या संशोधक वही घेऊन बसलेल्या असत. बीबी बोलत राहत आणि हॉलिस्टर ते खोली आणि वेळेसह लिहून घेत. म्हणजे बीबींच्या पुस्तकातले वर्णन परत आल्यावर आठवणीतून रचलेले नव्हते; त्याच्या मुळाशी त्या-त्या क्षणाची नोंद होती. चित्रकार एल्स बोस्टेलमन यांनी त्या नोंदींवरून आणि बीबींशी चर्चा करून चित्रे काढली. ज्या माशांना त्यांनी स्वतः पाहिलेच नव्हते, त्यांची ती चित्रे होती, हे विसरून चालत नाही.

आता निकाल पाहू. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी हरवतो आणि निळा सर्वांत शेवटी, हे मोजमापांतून ठाऊक होते. बीबींनी ते डोळ्यांनी पडताळले, पण त्यापुढचीही एक गोष्ट नोंदवली. खालचा निळा उजेड आपल्याला झगझगीत भासतो, असे ते वारंवार म्हणतात, आणि त्याच उजेडात पुस्तक खिडकीशी धरल्यावर कोरे पान आणि रंगीत चित्राचे पान यांतला फरक कळत नाही, हेही सांगतात. भास आणि कसोटी यांचा मेळ बसत नसताना दोन्ही लिहून ठेवण्याला मी प्रामाणिक निरीक्षण म्हणतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील पेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, त्यामुळे या अनुभवाला शरीरशास्त्रीय आधारही आहे. सुमारे 2,000 फुटांखाली दिवसाचा उजेड माणसाच्या डोळ्यापुरता संपतो, ही त्यांची नोंद बर्म्युडाच्या नितळ पाण्याशी जुळते.

दुसरा निकाल जीवांच्या संख्येचा. जाळ्यांवरून असे चित्र तयार झाले होते, की खोल पाण्यात जीव विरळ आणि आकाराने लहान. बीबींना खिडकीबाहेर प्रकाशाच्या ठिणग्यांची दाटी दिसली, मोठे प्राणी दिव्याच्या झोताच्या कडेने निसटताना दिसले, आणि जाळ्यात ज्यांच्या चिंधड्या होतात असे जेलीफिशचे नाजूक भाईबंद अखंड दिसले. काचेवर आदळून प्रकाशाचा स्फोट करणारी वस्तू म्हणजे चमकता द्रव फेकणारी कोळंबी आहे, हेही त्यांनी ओळखले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या सोनारला पाण्याच्या मध्येच एक 'खोटा तळ' आढळला. दिवसा खोल जाणारा आणि रात्री वर येणारा तो जीवांचा थर होता. स्पेनच्या 2010–11 च्या मालास्पिना मोहिमेतील ध्वनिमापनांवरून मधल्या खोलीतील माशांचे एकूण वजन सुमारे 10 अब्ज टन असावे, असा अंदाज 2014 मध्ये निघाला. जाळ्यांवर आधारलेला आधीचा अंदाज होता 1 अब्ज. हा आकडा पुढे बदलू शकतो, पण जाळे फसवत होते एवढे पक्के झाले. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियम संशोधन संस्थेने 17 वर्षांच्या चित्रफिती तपासून 2017 मध्ये दाखवले, की खुल्या पाण्यात दिसलेल्या प्राण्यांपैकी 76 टक्के स्वतःचा प्रकाश निर्माण करू शकतात.

मग त्या पाच माशांचे काय? हा आक्षेप टाळून पुढे जाणे बरोबर नाही. मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज यांनी 1935 मध्येच त्यावर बोट ठेवले. पाच रेषांचा मासा हा मासा नसून प्रकाशमान जेलीसारखा जीव असावा आणि बीबींच्या श्वासाने धूसर झालेल्या काचेतून त्याला ते तेजोवलय आले असावे, असे त्यांनी सुचवले. हा तर्क मला वजनदार वाटतो. काळ्या पाण्यात अंतर ठरवायला आधारच नसतो. जवळचा लहान जीव आणि दूरचा मोठा जीव सारखाच दिसू शकतो. शिवाय इतके मोठे मासे बर्म्युडाच्या परिसरात असते, तर 90 वर्षांत एकदा तरी दिसायला हवे होते. समुद्राचे पाहिलेले पाणी न पाहिलेल्याच्या तुलनेत नगण्य आहे हे खरे, पण त्या आडोशाला उभे राहून कोणताही दावा जिवंत ठेवता येतो. बीबींची चूक लिहिण्यात नव्हती, नामकरणात होती. नमुना हाती नसताना लॅटिन नाव देणे म्हणजे निरीक्षणाला निष्कर्षाचा दर्जा देणे. दिव्यांची रांग, अंदाजे लांबी आणि खोली एवढेच छापले असते, तर तीच नोंद पुढच्या संशोधकाला उपयोगाची ठरली असती.

आणखी एक आक्षेप लोकप्रियतेचा. सप्टेंबर 1932 मध्ये बीबींनी गोळ्यातून रेडिओवर थेट निवेदन केले आणि ते अमेरिकेत व ब्रिटनमध्ये ऐकले गेले. 1934 च्या बुड्यांना नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे पैसे होते, आणि त्या बदल्यात मासिकासाठी लेख द्यायचा होता. महामंदीच्या काळात सामान्य वाचक हाच खोल समुद्राच्या संशोधनाचा मोठा आधार होता, म्हणून मला यात कमीपणा दिसत नाही. वाचकासाठी लिहिल्याने नोंद पातळ झाली, असेही दिसत नाही. उलट रंग, हालचाल आणि अंतर शब्दांत पकडण्याची सक्ती त्यामुळेच आली. निसर्गलेखनाच्या 1944 मधल्या आपल्या संकलनात बीबींनी रेचल कार्सन या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या लेखिकेची दोन प्रकरणे घेतली. सात वर्षांनी कार्सन यांच्याच समुद्रावरच्या पुस्तकाने लाखो वाचक मिळवले.

आज कॅमेरे उत्तम आहेत, तेव्हा शब्दांची गरज उरली नाही, असे वाटू शकते. मॉन्टेरेच्या त्याच संस्थेत मात्र चित्रफितीतला प्रत्येक प्राणी माणसे बघतात आणि खोली-वेळेसह शब्दांत नोंदवतात; त्या नोंदींशिवाय हजारो तासांच्या चित्रफितीत काही शोधता येत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये 2,614 मीटर खोलीवर त्यांना शेपटीला बोटांसारखे उंचवटे असलेला, पारदर्शक, चकाकणारा एक जीव दिसला. तो कोणत्या गटातला, हेही स्पष्ट नव्हते. त्यांनी त्याला 'गूढ मृदुकाय' म्हटले आणि वाट पाहिली. दीडशेहून अधिक वेळा तो दिसला, नमुने मिळाले, जनुके तपासली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये बॅथिडेव्हियस कॉडॅक्टिलस हे नाव जाहीर झाले. पहिली नोंद आणि नाव यांच्यात 24 वर्षे गेली. बीबींकडे दुसऱ्यांदा पाहायला जाण्याची सोय नव्हती. 1934 नंतर त्यांच्या बुड्या थांबल्या आणि ते पुढे उष्ण कटिबंधातल्या जंगलांकडे परतले. 1962 मध्ये त्रिनिदादमधल्या 'सिमला' नावाच्या संशोधन केंद्रात त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या मार्गाने त्या खोलीवर गेलेली माणसे मोजकीच होती.