पेटीच्या क्लासने गणित सुधारतं का?

मेहरूणला आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मागच्या आठवड्यात मला अडवलं. "तू पीएचडी करतोस ना, मग सांग. पोरीला पेटीच्या क्लासला घातलं तर तिचं गणित सुधरेल का? सगळे तसंच म्हणतात." गणिताची शिकवणी आणि पेटी, दोन्हींची फी त्यांना झेपणारी नव्हती. म्हणून जरा नीट उत्तर द्यावं लागलं.

संगीत शिकणाऱ्या मुलांचे मार्क सरासरीने जास्त दिसतात, हे खरं आहे. पण क्लासला जातं कोण? बहुतेक वेळा ज्यांच्या घरी फी परवडते, आईवडील शिकलेले आहेत, अशी मुलं. ती तशीही पुढेच असती. सिनॉप्सिस लिहिताना 'परिणाम' हा शब्द टाकण्याआधी इथे थांबा. आपल्याकडे फक्त सहसंबंध आहे.

यावर उपाय म्हणजे कोण काय शिकणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. ग्लेन शेलेनबर्ग यांनी टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांवर हेच केलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. चार गट होते: कीबोर्ड, गायन, नाटक आणि काहीच नाही. वर्षभरानंतर संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी वाढला. एवढाच आकडा वाचला तर आपण फसतो, कारण बाकीच्या दोन गटांचाही ४.३ ने वाढला होता. ती मुलं नुकतीच शाळेत जायला लागली होती ना! म्हणजे संगीताच्या वाट्याला आले जेमतेम पावणेतीन गुण. आणि गंमत म्हणजे सामाजिक वागणूक सुधारली ती नाटकवाल्यांची.

पुढे २०२० मध्ये साला आणि गोबे यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. जिथे मुलं चिठ्ठीने वाटली होती आणि दुसऱ्या गटालाही काहीतरी शिकवलं होतं, तिथे संगीताचा जादा फायदा जवळपास शून्यावर आला. म्हणून पेपर वाचताना मी आता आधी कंट्रोल ग्रुप काय करत होता ते बघतो, पी-व्हॅल्यू नंतर.

काकूंना सांगितलं, "गणितासाठी घालत असाल तर शिकवणीच लावा. पेटीने पेटी येईल. सूर, ताल, रोज बसायची सवय. तिला आवडते का पण?"

"आवडते म्हणजे? जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं चालू असतात तिची."

काकूंनी पेटीचीच फी भरली. गणित मी रविवारी घेतो.