एक दिवाळी अंक, पाच घरं

या भागाचा ऑडिओ ऐकला असेल तर हे पुन्हा एकदा, आणि ऐकला नसेल तर इथे निवांत वाचा. आजचा विषय आहे दिवाळीच्या सुट्टीतलं वाचन. म्हणजे स्वतः वाचायचं ते तर आहेच, पण घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायची गोडी कशी लावायची, त्याबद्दल बोलू.

आधी माझी फजिती सांगतो. मागच्या दिवाळीत मी यवतमाळहून गावी गेलो, तेव्हा सहावीतल्या भाच्यासाठी एक जाडजूड पुस्तक नेलं. त्याने "थँक्यू मामा" म्हटलं, पुस्तक टीव्हीवर ठेवलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये घुसला. चार दिवस पुस्तक तिथेच! मला राग आला, दोन शब्द सुनावलेही. काही उपयोग झाला नाही.

गायगोधनाच्या दिवशी दुपारी मी ओसरीवर दिवाळी अंक वाचत बसलो होतो. आजी कापसाच्या वेचणीचा हिशेब बोटांवर करत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणाली, "काय वाचून रायला रे? मले बी सांग ना." मग मी मोठ्याने वाचायला लागलो. विहिरीवरच्या भांडणाची विनोदी गोष्ट होती. आजी हसायला लागली. हसू ऐकून आई आली, शेजारची काकू आली आणि शेवटी मोबाईल हातात धरूनच भाचाही आला. नेमक्या रंगाच्या जागी मी थांबलो, म्हटलं चहा घेऊन येतो. परत आलो तर अंक भाच्याच्या हातात, आणि तो आजीला पुढचं वाचून दाखवत होता! अडखळत होता, पण थांबत नव्हता.

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी भाच्याला पुस्तक दिलं होतं, सोबत दिली नव्हती. वाचनाची गोडी लागते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोबतीने. आणि सोबत वर्षभरात सगळ्यात जास्त कधी मिळते? सुट्टीत. पुण्या-नागपूरला शिकणारी पोरं परत येतात, शाळा बंद असते, घर भरलेलं असतं.

आता थोडा इतिहास. दिवाळी आणि वाचन ही जोडी मराठीत शंभर वर्षांहून जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' हे मासिक सुरू केलं आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून त्याचाच मान. ही कल्पना त्यांना इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांवरून सुचली, असं सांगतात. आज दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. फराळाच्या ताटाशेजारी अंक असणं ही कितीतरी घरांची सवय झाली.

यातली खरी गंमत म्हणजे हे अंक एकट्याने विकत घेऊन एकट्याने वाचायची रीत कधी फारशी नव्हतीच. एक अंक घरभर फिरायचा, मग शेजारी जायचा, मग पाहुण्याच्या पिशवीतून परगावी. मुंबई-पुण्याकडची बरीच वाचनालयं आजही दिवाळीनंतर वेगळी वर्गणी घेऊन पुढचे दोन-तीन महिने अंक फिरवतात.

असंच एक उदाहरण जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आइसलँड हा बर्फाळ देश, लोकसंख्या चार लाखांच्या आत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे परदेशी मालावर बंधनं होती, पण कागद त्यामानाने सहज मिळत होता. म्हणून लोक नाताळात एकमेकांना पुस्तकं भेट द्यायला लागले. १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी छापली जाते आणि ती बरीच वर्षं घरोघरी पोचत असे. २४ डिसेंबरच्या रात्री पुस्तकं द्यायची आणि उबेला बसून वाचायची, ही तिथली रीत. तंगीच्या दिवसांत सुरू झालेली गोष्ट पुढे सण होऊन बसली!

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. म्हणजे माणसांच्या हिशेबाने आपण आइसलँडच्या सातपट. तंगीही आपल्याला नवी नाही. सोयाबीनला काय भाव लागला, कापसाचे पैसे कधी हातात येतील, यावर इथली दिवाळी ठरते. तीन-चारशे रुपयांचा अंक घेताना माणूस दोनदा विचार करणारच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण पैसा कमी म्हणून इथे साहित्य कमी, असं मात्र कुणी म्हणू नये. १९७३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला झालं, अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं संमेलन पुन्हा यवतमाळला भरलं, अध्यक्ष डॉ. अरुणा ढेरे. उद्घाटक म्हणून आधी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्याने मोठा वाद झाला, तो तुम्हाला आठवत असेल. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केलं होतं. ज्या बाईचं दुःख आजवर बातम्यांमध्ये आकडा म्हणून यायचं, ती स्वतः माईकसमोर उभी राहून बोलली आणि सभामंडप ऐकत राहिला.

दारव्हा तालुक्यातल्या बोरीअरबचे वऱ्हाडी कवी शंकर बडे यांचंही तेच. त्यांची कविता आणि त्यांचा 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री कार्यक्रम लोकांनी आधी कानाने ऐकला. पुस्तक नंतर हातात आलं. आपल्या भागात साहित्य आधी ऐकलं जातं, मग वाचलं जातं. तुम्ही पॉडकास्ट ऐकणारी मंडळी, तुम्हाला हे वेगळं काय सांगायचं! म्हणून ऐकणाऱ्याला "तू वाचत नाहीस" असं हिणवू नका. तो दारात उभा आहे, त्याला आत बोलवायचं आहे.

मग करायचं काय? चार सोप्या गोष्टी सांगतो.

पहिली, अंकांची भिशी. पैशांची भिशी आपल्याला माहीत आहेच, तशीच ही. पाच घरं गोळा करा. प्रत्येक घराने एकच दिवाळी अंक घ्यायचा, पण वेगवेगळा. भाऊबीज झाली की दर आठ दिवसांनी अंक पुढच्या घरी. चाळीस दिवसांत प्रत्येक घरात पाच अंक वाचून होतात. साडेतीनशे रुपयांत साडेसतराशेचं वाचन! नियम एकच ठेवा: अंक पुढे देताना त्यातलं काय आवडलं ते तोंडी सांगायचं. पुढचा माणूस आधी तेच पान उघडतो, बघा.

दुसरी, रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा. जेवणं झाल्यावर, अंगणात, कुठेही. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना सगळ्यात पुढे बसवा. आणि रंगात आलं की थांबा. उरलेलं काम उत्सुकता करते.

तिसरी, मोबाईलशी भांडू नका, त्याला कामाला लावा. बालभारतीचं 'किशोर' हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. नेटवर्क असेल तेव्हा उतरवून ठेवा. शेतात, एसटीत, कुठेही वाचता येतात.

चौथी, भाऊबीजेच्या ओवाळणीत पैशांसोबत एक पुस्तक टाका. नवंच हवं असं नाही. स्वतः वाचलेलं जुनं पुस्तक द्या आणि पहिल्या पानावर ते का देतोय ते दोन ओळींत लिहा. दुकानातल्या कोऱ्या पुस्तकात त्या दोन ओळी नसतात.

हे सगळं करूनही कुणी नाही वाचलं तर? तर नाही वाचलं. चिडू नका. माझ्या भाच्यानेही ते जाडजूड पुस्तक अजून उघडलेलं नाही. पण परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, यंदा अंक कोणता आणतो? आजी विचारते." आजीचं नाव पुढे करून तो स्वतःच विचारत होता, हे मला कळलं. मीही कळल्याचं दाखवलं नाही.

तर मंडळी, पाच घरांची नावं आजच लिहून काढा आणि ग्रुपवर एक मेसेज टाका. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि कुणाला तरी वाचून दाखवा!