पान उघडतं, पण बटण चालत नाही? दोष फोनचा की संकेतस्थळाचा, असं ओळखा

बदनापूर : सातबारा बघायला संकेतस्थळ उघडलं, जिल्हा जालना निवडला, तालुका बदनापूर निवडला, पण गावांची यादीच खाली येत नाही. कधी कॅप्चाची चौकट कोरी राहते, तर कधी सबमिटवर दहा वेळा बोट ठेवलं तरी काही हलत नाही. दाभाडी, रोषणगाव, सेलगाव, बावणे पांगरीकडून बदनापूरला सेवा केंद्रावर यायचं म्हणजे गाडीभाडं आणि अर्धा दिवस जातो. तिथंही तेच पान अडकलेलं असलं तर चक्कर वाया. म्हणून निघण्याआधी दोष आपल्या फोनमध्ये आहे की तिकडं, हे बघून घ्यावं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

अडकतं ते काय?

संकेतस्थळाचं पान फोनवर दोन भागांत येतं. अक्षरं, रंग, चौकटी हा दिसणारा भाग. दुसरा भाग दिसत नाही, तो म्हणजे सूचना. तालुका निवडला की कोणती गावं आणायची, बटण दाबलं की अर्ज कुठं पाठवायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती जावास्क्रिप्ट या भाषेत असते. ही भाषा ब्रेंडन आईक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केली होती, आज जगभरातली संकेतस्थळं तिच्यावर चालतात.

विहिरीवर मोटार बसवली, पाईप जोडले, पण स्टार्टरच उचलत नसेल तर पाणी येत नाही, तसंच हे. पान दिसतं म्हणजे पान चालतंच असं नाही.

रेंजची एकच काडी असली की हे हमखास होतं. दिसणारा भाग येऊन जातो, स्क्रिप्ट अर्ध्यात राहते. अशा वेळी त्याच पानावर बोट आपटत बसू नये. उघड्यावर किंवा गच्चीवर जाऊन पान पुन्हा लोड करावं.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

तेच संकेतस्थळ शेजाऱ्याच्या फोनवर, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडून बघा. तिथंही अडकलं तर दोष तिकडचा असण्याची शक्यता जास्त. पानावर ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा आला तर दोष तिकडच्या सर्व्हरकडं आहे असं समजा. फोन बंद-चालू करून उपयोग नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा बघा, तेव्हा गर्दी कमी असते. ४०४ आला तर ते पानच त्या पत्त्यावर नाही, मुख्य पानावरून पुन्हा आत जा.

मुदत जवळ आली की गर्दी होतेच. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा निघाला तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. पण दरवर्षी मुदत वाढेल या भरवशावर राहू नये.

दोष आपल्याच फोनचा असेल तर

शेजाऱ्याकडं चाललं आणि आपल्याकडं नाही, तर आधी पान कुठं उघडलंय ते बघा. फेसबुकवरच्या लिंकवर बोट ठेवलं की पान फेसबुकच्या आतच उघडतं, आणि तिथं मोठे अर्ज नीट चालतीलच असं नाही. डेटा वाचवणाऱ्या काही ब्राउझरमध्येही स्क्रिप्टला कात्री लागते. सरळ क्रोम उघडून पत्ता टाका.

क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, जावास्क्रिप्ट असं गेल्यावर ते चालू आहे का बघा. पोरांनी खेळता खेळता बंद केलेलं असू शकतं. तिथंच पॉप-अप आहे. काही संकेतस्थळांवर कागद नव्या खिडकीत उघडतो आणि क्रोम ती खिडकी अडवतं. लोकांना वाटतं सातबारा निघालाच नाही. सरकारी संकेतस्थळापुरती पॉप-अपला परवानगी द्या.

मग तीन ठिपक्यांतूनच गुप्त टॅब उघडून तेच पान बघा. तिथं चाललं तर आधीच्या भेटीतला जुना डेटा आडवा येतोय. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर बोट ठेवून फक्त त्या संकेतस्थळाचा डेटा काढून टाका. सगळ्या फोनचा डेटा पुसायची गरज नाही. पुन्हा लॉगिन करावं लागेल आणि अर्धवट भरलेला अर्ज जाईल, तेवढी तयारी ठेवा.

जुन्या फोनची गोष्ट वेगळी. अँड्रॉइड ७ च्या फोनवर क्रोम ११९ व्या आवृत्तीनंतर पुढं सरकत नाही, त्यामुळं नवी संकेतस्थळं हळूहळू रुसायला लागतात. असा अर्ज घरातल्या दुसऱ्या फोनवरून भरलेला बरा. ॲप उघडताच बंद पडत असेल तर प्ले स्टोअरमध्ये अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू अपडेट करा. मार्च २०२१ मध्ये याच वेबव्ह्यूतल्या बिघाडानं जगभरातल्या फोनवर जीमेलसारखी ॲप बंद पडत होती, आणि अपडेट आल्यावरच ती सुरळीत झाली.

पैसे भरताना पान अडकलं तर मात्र पुन्हा बटण दाबू नका. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचे १५ रुपये असोत की मोठी रक्कम, आधी बँकेचा मेसेज आणि व्यवहार क्रमांक बघा. घाईत दुसऱ्यांदा दाबलं की दोनदा पैसे कापले जातात आणि परत मिळवताना चपला झिजतात.

खरा धोका इथं आहे

पान चालत नाही म्हणून माणूस चिडतो आणि व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, आणि हप्ता जवळ आला की त्याच नावाच्या खोट्या एपीके फायली फिरतात. त्या बसवल्या की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात. कुठलंही सरकारी संकेतस्थळ दुरुस्त करायला फाइल बसवावी लागत नाही. पीएम किसान, पीक विमा, महाभूलेख, महाडीबीटी या सगळ्यांचे पत्ते डॉट जीओव्ही डॉट इन या अक्षरांनी संपतात. त्यानंतर आडवी रेघ येऊन पुढं काही असेल तर चालतं, पण जीओव्ही डॉट इनच्या पुढं पुन्हा डॉट आणि दुसरं नाव आलं तर मागं फिरा. ॲप हवंच असेल तर प्ले स्टोअरमधून घ्या. फाइल बसली आणि पैसे गेले, तर नेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० वर फोन लावा आणि बँकेला खातं थांबवायला सांगा.