डर्ट ट्रॅकच्या कमी खर्चाच्या इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड

व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, हे इंजिनात कॅमशाफ्ट ठरवतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. अमेरिकेत आयोवा, ओहायोसारख्या राज्यांत मातीच्या लंबगोल ट्रॅकवर स्ट्रीट स्टॉक, हॉबी स्टॉक अशा हौशी वर्गांच्या शर्यती होतात. तिथल्या बऱ्याच गाड्यांत शेवरलेचे 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरचे व्ही-8 इंजिन असते. या घराण्याचे पहिले इंजिन 1955 मध्ये आले, 350 घनइंचाचे 1967 मध्ये. सुटे भाग मुबलक मिळत असल्याने मर्यादित पैशांत ते उभे राहते, आणि त्याचा स्वभाव सर्वांत जास्त बदलतो तो कॅममुळे.

निवडीची सुरुवात नियमपुस्तिकेपासून होते. कमी खर्चाच्या वर्गांत कॅमवर टेकणाऱ्या लिफ्टरपैकी रोलर लिफ्टरला बहुधा बंदी असते आणि सपाट तळाचा लिफ्टरच चालतो. कुठे लिफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्यावर, मर्यादा असते, तर कुठे आयडलला ठरावीक व्हॅक्यूम दिसलाच पाहिजे, अशी अट असते. शेवरलेच्या सीलबंद 602 क्रेट इंजिनात तर कॅम बदलताच येत नाही. सपाट लिफ्टर हायड्रॉलिक किंवा सॉलिड असतो. हायड्रॉलिक लिफ्टरला देखभाल कमी लागते, पण साधारण 6000 ते 6500 आरपीएमच्या पुढे त्याचा भरवसा राहत नाही. सॉलिड लिफ्टरची फट वारंवार तपासावी लागते. नियमात बसत असेल तर हा त्रास घेण्यासारखा आहे.

यानंतर पाहायचे ते आरपीएम. शर्यतभर गाडी सहसा एकाच गिअरमध्ये धावते. वळणातून बाहेर पडताना इंजिन 4000च्या आसपास असते आणि सरळ पट्टीच्या टोकाला 6500च्या आसपास पोहोचते. कॅमने काम द्यायचे ते या पट्ट्यात. 7000ला सर्वाधिक शक्ती देणारा कॅम कॅटलॉगमध्ये आकर्षक दिसतो. पण 500 सीएफएमचा दोन बॅरलचा कार्बोरेटर लावलेले इंजिन तिथे नीट श्वासच घेऊ शकत नाही. त्यातून रात्र चढते तशी माती वाळून गुळगुळीत होते. अशा वेळी एकदम उसळणाऱ्या शक्तीने चाके नुसती फिरतात, सलग वाढत जाणारा टॉर्क मात्र गाडी पुढे नेतो.

सर्वांत महत्त्वाचा क्षण इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याचा. पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला तरी तो व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. वेग जास्त असेल तर आत येणारे मिश्रण स्वतःच्या जोराने सिलिंडर भरत राहते; कमी असेल तर पिस्टन तेच मिश्रण मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा कालावधी, वाढवले की व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. म्हणून 9:1 कॉम्प्रेशनच्या इंजिनाला लांब ड्युरेशनचा कॅम घातला, तर वळणातून निघतानाचा जीवच जातो. 0.050 इंच लिफ्टवर मोजलेले 230 ते 240 अंश ड्युरेशन अशा इंजिनाला साधारणपणे पुरते. दोन कॅमांत मन अडकले तर लहान घ्यावा. कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधले (उंचवट्यांमधले) अंतर रस्त्यावरच्या गाडीत 110 ते 114 अंश असते, इथे 106 ते 108 ठेवतात. त्याने ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, आणि मधल्या पट्ट्यातला टॉर्क वाढतो, व्हॅक्यूम मात्र उतरतो. व्हॅक्यूमची अट असेल तिथे हा मोह आवरावा लागतो.

लिफ्टचा हिशेब सोपा आहे. लोबची उंची 0.320 इंच आणि रॉकरचे गुणोत्तर 1.5 असेल, तर व्हॉल्व्ह 0.480 इंच उघडतो. जुन्या हेडमध्ये रिटेनर गाइडच्या सीलवर आदळणार नाही ना, हे आधी मोजावे. स्प्रिंग कॅमच्या जोडीचीच घ्यावी. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये इनटेकला किमान 0.080 व एक्झॉस्टला 0.100 इंच जागा राहिली पाहिजे. बसवताना डिग्री व्हीलने तपासणी करावी. कॅम चार अंश पुढे घेतला की टॉर्क खालच्या आरपीएमकडे सरकतो.

सपाट लिफ्टरचा कॅम पहिल्या अर्ध्या तासात तरतो किंवा मरतो. लिफ्टरचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता असतो, त्यामुळे लिफ्टर स्वतःभोवती फिरतो. तो फिरला नाही तर लोब खरवडला जातो. म्हणून लोबवर मॉली पेस्ट आणि इंजिनात जस्त-फॉस्फरसयुक्त ऑइल घालून इंजिन सुरू करावे आणि आयडलवर न ठेवता 2000 ते 2500 आरपीएमवर 20 ते 30 मिनिटे चालवावे. नव्या कॅमवर जुने लिफ्टर कधीच बसवू नयेत, आणि एकदा जुळलेला लिफ्टर काढावा लागला तर तो परत त्याच लोबवर बसवावा.