वडापावाच्या श्रेष्ठत्वाचा वाद

नेरूळ, वाशी, बेलापूर, खारघर किंवा ऐरोली येथील एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत थोडा वेळ उभे राहिले असता एक वाद हटकून कानी पडतो. परिसरातील सर्वांत चांगला वडापाव कोणत्या गाडीवर मिळतो, हा त्या वादाचा विषय. त्यातील पक्ष ठरलेले असतात, पुरावेही ठरलेले असतात. निर्णय मात्र कधीच लागत नाही. अशा वादाला क्षुल्लक मानून बाजूस सारण्याकडे विद्वज्जनांचा कल असतो. परंतु ज्या प्रश्नावर अनेक माणसे वर्षानुवर्षे, कसल्याही लाभाची अपेक्षा न धरता, तावातावाने बोलत राहतात, तो प्रश्न सुटत का नाही हे पाहणे अगदीच निरर्थक ठरू नये.

महाविद्यालयांच्या गावी असे वाद माजतात, हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन नावाचे शहर आहे. येल विद्यापीठ तेथलेच. त्या शहरात वूस्टर रस्त्यावर फ्रँक पेपे ह्या इटालियन गृहस्थाने १९२५ साली पिझ्झाचे दुकान काढले. त्याच्याच भाच्याने १९३८ साली त्याच रस्त्यावर ‘सॅलीज’ हे दुसरे दुकान थाटले. मामाचा पिझ्झा सरस की भाच्याचा, ह्यावर त्या शहरातील विद्यार्थ्यांच्या आणि नागरिकांच्या कित्येक पिढ्या भांडत आल्या आहेत. दोन्ही दुकानांची भट्टी कोळशाची, दोघांची रीत जवळजवळ एक, रस्ताही एकच. साम्य जितके अधिक तितका वाद तीव्र, असा अनुभव येथे येतो. वडा आणि इडली ह्यांत श्रेष्ठ कोण, ह्यावर कोणी फारसे हमरीतुमरीवर येत नाही. दोन वड्यांवरून येतात.

श्रेष्ठ कोण हे ठरवावयाचे तर आधी त्या पदार्थाचे लक्षण निश्चित असावे लागते. पिझ्झाचे मूळ गाव जे नेपल्स, तेथील व्यावसायिकांनी १९८४ साली संघ स्थापून ‘खरा नेपल्सचा पिझ्झा’ कोणता ह्याचे नियम घालून दिले. पीठ कसे असावे, किती वेळ फुगू द्यावे, भट्टीचे तापमान किती असावे, सारे काही लिहून ठेवले. युरोपीय संघाने २०१० साली त्या पदार्थाला परंपरागत पदार्थ म्हणून संरक्षण दिले आणि २०१७ साली युनेस्कोने तो भाजण्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली. वडापावाला अशी सनद कोणी दिलेली नाही. त्याचे लक्षण करणाऱ्याची पहिली पंचाईत ‘वडा’ ह्या शब्दापासूनच सुरू होते. हा शब्द संस्कृत ‘वटक’ ह्यापासून आलेला असून बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात वटकांचे वर्णन आहे. ते वटक अर्थातच डाळीचे. ज्या भूमीवर नवी मुंबई उभी राहिली तेथल्या मूळच्या आगरी-कोळी घरांत आजही ‘वडे’ म्हटले म्हणजे तांदळाच्या पिठाचे, पुरीसारखे फुगणारे, लग्नकार्यात हमखास होणारे वडे डोळ्यांपुढे येतात. बटाट्याच्या वड्याने त्या नावावर हक्क सांगितला तो पुष्कळ उशिरा.

बटाटा हा तर मुळात दक्षिण अमेरिकेचा. तो आणि मिरची पोर्तुगीजांच्या द्वारे ह्या किनाऱ्यास लागली, आणि हिंदी भाषिकांनी ‘आलू’ ह्या जुन्या कंदवाचक शब्दात बटाट्याला सामावून घेतले असता मराठीने पोर्तुगीज ‘बटाटा’ हाच शब्द उचलला. ‘पाव’ हाही पोर्तुगीजच. अशा रीतीने ज्याला मराठी माणूस आपला अगदी खास पदार्थ मानतो त्याचे तीन प्रमुख घटक समुद्रापलीकडून आले आहेत. ते एकत्र आले मुंबईत. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य ह्यांनी १९६६ साली वडा पावात घालून विकण्यास आरंभ केला, असे सामान्यतः सांगितले जाते. सुधाकर म्हात्रे ह्यांचे नावही त्याच सुमाराच्या संदर्भात घेतले जाते. म्हणजे जनकत्वाविषयीही वादच! पुढे १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या अनेक कामगारांनी वड्याच्या गाड्या लावल्या आणि ह्या पदार्थाचा प्रसार वाढला.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. वडापाव हा एक पदार्थ नसून चार पदार्थांचा संघ आहे: सारण, आवरण, चटणी आणि पाव. ह्यांतील प्रत्येकाचे गुणदोष वेगळ्या कारणांनी घडतात. उकडताना बटाट्यातील पिष्टाचे कण साधारण साठ ते सत्तर अंश तापमानाला पाणी शोषून फुगतात. बटाटा हलक्या हाताने फोडला तर पेशी शाबूत राहतात आणि सारण मोकळे लागते. तोच फार मळला तर पेशी फुटून पिष्ट बाहेर येते व सारण चिकट होते. गाडीवरचा वडा ‘लगदा’ आहे अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुधा येथे असते, मसाल्यात नव्हे. पाणी फार असलेला नवा बटाटा वापरला तरी तोच परिणाम होतो, त्यामुळे एकाच गाडीचा वडा एका महिन्यात उत्तम आणि दुसऱ्या महिन्यात बेताचा ठरणे शक्य आहे. वाशीच्या घाऊक कांदा-बटाटा बाजारात जो माल उतरतो त्याच्या ऋतुमानाप्रमाणे ह्या शहरातील वड्यांचे भाग्य फिरते, असे म्हणावयास हरकत नाही.

आवरणाचे शास्त्र अधिक नाजूक आहे. बेसनाच्या सरबरीत पिठात बुडविलेला गोळा सुमारे १७० ते १९० अंशांच्या तेलात पडला की पिठातील पाण्याची तत्काळ वाफ होते. ती वाफ बाहेरच्या दिशेने जोराने निघत असल्यामुळे तेलाला आत शिरण्यास वाव मिळत नाही; तेलात दिसणारे बुडबुडे ते हेच. तेल पुरेसे तापलेले नसेल, किंवा कढईत एकदम फार वडे सोडल्याने ते निवले असेल, तर वाफेचा जोर मंदावतो, कवच बनण्यास वेळ लागतो आणि वडा तेलकट होतो. म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड उडाली की जो विक्रेता घाई करून घाणा भरतो त्याची कीर्तीच त्याच्या वड्याचा घात करते. तेल वारंवार तापविल्याने त्यात जी घातक द्रव्ये साठतात त्यांवर अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मर्यादा घातली असून १ जुलै २०१८ पासून ज्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक आहे ते तेल वापरण्यास मनाई आहे. ‘त्या गाडीच्या वड्याला एक वेगळीच चव आहे’ हे उद्गार ऐकताना ह्या नियमाची आठवण ठेवणे हिताचे होय.

पाव विक्रेता स्वतः भाजत नाही, तो बेकरीतून लादीने येतो. लादीतील पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात, त्यामुळे त्यांच्या कडांना कवच येत नाही आणि त्या मऊ राहतात. चटणीविषयी मात्र खरे पंथभेद आहेत. सुक्या खोबऱ्याची, लसणाची आणि लाल मिरचीची कोरडी चटणी हा मूळ संप्रदाय. कोथिंबिरीची हिरवी व चिंचगुळाची गोड चटणी हे नंतरचे. मिठात घोळलेली तळलेली मिरची सर्वांना मान्य आहे.

वादातील बहुतेक गोंधळ ह्यातून उद्भवतो. एक जण सारणावरून निवाडा देतो, दुसरा चटणीवरून, तिसरा पावाच्या ताजेपणावरून. आणि तिघेही ‘वडापाव’ हा एकच शब्द वापरीत असल्याने आपण एकाच वस्तूविषयी बोलत आहोत अशी त्यांची समजूत असते. त्यात काळाचा प्रश्न वेगळाच. घाण्यातून नुकताच निघालेला वडा आणि अर्ध्या तासापूर्वीचा वडा ह्यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांची तुलना होय, कारण आतील वाफ कवचात मुरून ते मऊ पडते. चवीची परीक्षा करणाऱ्या शास्त्राने ह्यासाठी काही पद्धती ठरविल्या आहेत. परीक्षकाला नमुना कोणाचा हे कळू द्यावयाचे नाही. एकाच वेळी तीन नमुने द्यावयाचे, त्यांतील दोन सारखे असावयाचे, आणि निराळा कोणता ते ओळखावयास सांगावयाचे. आवड मोजण्यासाठी नऊ पायऱ्यांची जी मोजपट्टी जगभर वापरली जाते ती अमेरिकन सैन्याच्या शिकागो येथील अन्नसंस्थेत, सैनिकांना कोणते जेवण रुचते हे कळावे म्हणून, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तयार झाली. महाविद्यालयाच्या फाटकाशी तिचा प्रयोग करून पाहिल्यास ‘डोळे मिटूनही ओळखीन’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण टिकतील, ही शंकाच आहे.

पण समजा, सर्व दक्षता घेतली, सर्व वडे एकाच वेळी गरम मिळाले, आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे मत दिले. तरी निर्णय लागेलच असे नाही. तीन विद्यार्थी आणि तीन गाड्या कल्पाव्या: एक स्थानकाबाहेरची, एक फाटकासमोरची, एक बाजारातली. पहिला विद्यार्थी स्थानक, फाटक, बाजार असा उतरता क्रम लावतो. दुसरा फाटक, बाजार, स्थानक. तिसरा बाजार, स्थानक, फाटक. आता दोन-दोन गाड्यांची तुलना करावी. स्थानक फाटकाहून बरे, असे पहिला व तिसरा म्हणतात. फाटक बाजाराहून बरे, असे पहिला व दुसरा म्हणतात. तेव्हा स्थानक बाजाराहून बरेच असले पाहिजे, असे कोणासही वाटेल. परंतु दुसरा आणि तिसरा म्हणतात, बाजार स्थानकाहून बरा! प्रत्येकाचे मत सुसंगत असून बहुमत मात्र चक्राकार फिरते. हा विरोधाभास फ्रेंच विचारवंत काँदोर्से ह्याने १७८५ साली दाखविला, आणि केनेथ ॲरो ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ साली सिद्ध केले की, पर्याय तीन किंवा अधिक असतील तर व्यक्तींच्या पसंतीक्रमांवरून समूहाचा क्रम लावण्याची कोणतीही पद्धत काही अगदी साध्या व वाजवी अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. तेव्हा वर्गातल्या चाळीस जणांचे एकमत होत नाही ह्यात त्यांच्या हट्टीपणाचाच दोष आहे असे समजू नये.

शिवाय हे शहर स्थलांतरितांचे आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नव्या शहराची आखणी झाली. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोहमार्ग आला. येथे राहावयास आलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या जुन्या गावचा वडा मनात बरोबर आणला. दादरहून आलेल्याला कीर्ती महाविद्यालयाजवळचा, पिठाच्या तळलेल्या चुऱ्यासह मिळणारा वडापाव प्रमाण वाटतो. ठाणेकराला गजानन वडापावाची बेसनाची पिवळी चटणी. कल्याणकराला खिडकी वडा. पुण्याकडच्या माणसाला कर्जतचा दिवाडकरांचा वडा आठवतो. त्या वड्याच्या कीर्तीत घाटाचाही वाटा आहे. बोरघाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडावी लागत, म्हणून गाड्या कर्जतला थांबत, आणि त्या थांब्याच्या मिनिटांत फलाटावर वडे खपत. ह्यांतील काही वड्यांना नाव मिळाले आहे ते जागेवरून: महाविद्यालय, खिडकी, स्थानक. पाककृतीवरून एकालाही नाही.

नवी मुंबईतील वादाला येथे एक निराळी धार येते. आखीव शहरात घरांना सेक्टर आहेत, दुकानांना गाळे आहेत, स्थानकांवर भव्य व्यापारी संकुले आहेत. वड्याच्या गाडीला मात्र पत्ता नाही. ‘फाटकासमोर, गुलमोहराखाली’ एवढीच तिची ओळख. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. त्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमावी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, दर पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत आणि सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणालाही हटवू नये, अशी तरतूद आहे. कायद्याने विक्रेत्याला जागा द्यावी असे म्हटले आहे. ती हीच जागा असेल असे मात्र नाही. विक्रीची क्षेत्रे ठरली म्हणजे गाडी दुसरीकडे न्यावी लागू शकते. आणि वड्याची कीर्ती तर, वर पाहिल्याप्रमाणे, जागेला चिकटलेली असते. तोच माणूस, तीच कढई, तेच बेसन, पण फाटकापासून दोन चौक दूर. मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत जाऊन परतता न येण्याइतके अंतर पडले की ती गाडी वादातून बाद होते. तिचा वडा बिघडला म्हणून नव्हे, तर तिच्या बाजूने बोलणारा साक्षीदार उरला नाही म्हणून.

म्हणूनच जुने विद्यार्थी भेटले की वादात एक नवा पक्ष उभा राहतो. ‘तुम्ही आता जो खाता तो काहीच नव्हे, आमच्या वेळी कोपऱ्यावर एक गाडी होती’, असे ते सांगतात. त्या गाडीचा वडा खरोखरच सरस होता की नाही, हे तपासून पाहण्याचा कोणताही मार्ग नसतो. गाडी नाही, विक्रेता कोठे गेला ते कोणास ठाऊक नाही, आणि कोपऱ्यावर आता दुचाकी उभ्या करण्याची जागा आहे. समोरचे विद्यार्थी हा दावा ऐकून घेतात, हसतात आणि आपल्या हातातला गरम वडा संपविण्याच्या मागे लागतात.